तळाशी मांडलेलं बिऱ्हाड

सोमवार, ३ ऑक्टोबर

आणि सगळ्यांत आधी कोण टपकलं असेल, तर समोरची गॅलरीवाली! माझी बॅग अजून जिन्यात, चपला पायात, आणि ही बाई बिस्किटांचा डबा घेऊन दारात हजर. आल्या का आजी, म्हणाली, जशी काही मी तिचीच आजी. बिस्किटं हे निमित्त. तिला बघायचं होतं आमच्याकडे खुर्च्या किती, पडदे कसले आणि म्हातारी कायमची आली की आठवड्याभरात जाणार. जाताना सांगून गेली की खालच्या दुकानदाराची बायको त्याच्याशी बोलत नाही आणि वरचा मास्तर घोरला की तिच्या कपाटातल्या बशा वाजतात. मला अशी माणसं फार आवडतात. माझ्याही पोटात काही राहत नाही.

तिच्यामागून माझ्या नातीच्या ऑफिसचे मोठे सर आले. नावाला मोठे, उंचीने माझ्या खांद्याला लागतात. मग त्यांचा बोटवाला आला, तो दारातच उभा राहिला, आत या म्हटलं तर बुटांकडे बोट दाखवलं. आणि जिच्यासाठी मी एवढा प्रवास केला ती माझी नात सगळ्यांत शेवटी, केस विस्कटलेले, हातात दोरीचं भेंडोळं, तशीच येऊन गळ्यात पडली. भिंगरीच ती. लहानपणापासून मी तिला भिंगरी म्हणते, एका जागी बसेल तर शपथ. इथेही सगळे भिंगरीच म्हणायला लागलेत. खरं नाव कागदोपत्री असेल तेवढंच. तिची आई गेली तेव्हा ही एवढीशी होती, तेव्हापासून ती माझी आणि मी तिची, तिसरं कोणी नाही.

ही वही तिनेच दिली. म्हणाली, आजी, तू मला दिवसभर जे सांगत असतेस ते यात लिही, मी संध्याकाळी एकदाच वाचीन. टोमणा आहे, कळतो मला. चार यत्ता शिकलेय मी, अगदीच अडाणी नाही. पण वहीचा कागद गुळगुळीत आहे, लिहायला मजा येते.

घर दुसऱ्या मजल्यावर. पुढची खोली म्हणजे यांचं ऑफिस, तिथे कॉम्प्युटरचे दोन मोठे पडदे, वायरींचं जंजाळ आणि कोणी न धुतलेले कप. मागची खोली आमची. खिडकीखाली रस्ता, रस्त्यापलीकडे धक्का, आणि धक्क्याला लागून खाडी. समुद्र आत घुसून वाकडा होऊन बसलाय, तसं दिसतं. पाणी इतकं शांत की ताटात ठेवल्यासारखं. आणि हिचं काम काय, तर त्या पाण्याच्या तळाशी लोकांनी किती कचरा टाकलाय तो शोधायचा, तोसुद्धा पाण्यात न उतरता, वरून. मी म्हटलं, एवढं शिकून शेवटी केरच काढतेस! तर सर इतके हसले की चहा नाकात गेला.

फार बरं वाटतंय. जेवण दोघींनी अंथरुणावर बसून केलं, बोलता बोलता.

बुधवार, ५ ऑक्टोबर

आज चित्रं बघितली. बोटीमागे दोरीने एक लांबुळकं यंत्र ओढतात, त्याला हे लोक मासा म्हणतात. मासा पाण्यात आवाज सोडतो, आपल्याला ऐकू येत नाही असा. तो आवाज तळावर आपटून परत येतो आणि त्यातून इथे पडद्यावर तळाचं चित्र उमटतं, जास्त भाजलेल्या पावासारखं तपकिरी. वस्तू उजळ दिसते आणि तिच्यामागे काळी सावली पडते. भिंगरी म्हणाली, आजी, वस्तूकडे नको बघूस, सावलीकडे बघ. सावली लांब म्हणजे वस्तू उंच उभी, आखूड म्हणजे आडवी पडलेली.

मग काय, मी खुर्ची ओढून दिवसभर तिथेच. टायर, जाळी, पिंपं, पाइप, बाटल्यांचे ढीग. लोकांना काही लाजच नाही. एके ठिकाणी तर खोलगट जागेत टेबल दिसलं, भोवती खुर्च्या, बाजूला फ्रीज उभा, थोडं पलीकडे पलंगाचा सांगाडा. मी म्हटलं, अहो सर, इथे कोणीतरी बिऱ्हाड मांडलंय! सर म्हणाले, प्रवाह सगळं लोटत लोटत खड्ड्यात आणतो, आजी. असेल. पण प्रवाहाला खुर्च्यांची तोंडं टेबलाकडे करायची चांगली अक्कल आहे.

सरांना वेगळंच कोडं पडलंय. एवढ्या कचऱ्यात एक कपडा नाही. बोटीवरून कॅमेरा सोडून पाहिला, तरी चिंधी नाही, बूट नाही, मोजा नाही. बोटवाल्याला विचारलं तर म्हणाला, अंगावर घातलेली वस्तू इथे कोणी पाण्यात टाकत नाही, जाळतात. का, तर त्याची आई जाळायची म्हणून. सर खूश झाले, लिहून घेतलं. मी म्हटलं, फ्रीज टाकायचा आणि मोजे जाळायचे, हे कुठलं शहाणपण? त्यावर तो दोरी गुंडाळायला लागला. अबोल माणूस. बायको बिचारी कंटाळत असेल.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

आज घरात एक बाई आली आणि ती लाकडासारखी! सरांनी कुठल्याशा बंद पडलेल्या कापडदुकानातून पुतळा आणला, काचेमागे कपडे घालून उभा करतात तसला. यंत्राची परीक्षा घ्यायला हे लोक आपल्याच काही वस्तू ठरलेल्या जागी बुडवतात आणि मासा त्या ओळखतो का बघतात. काम झालं की वर काढतात. बादली, लोखंडी खुर्ची, सायकलचं चाक तयार होतंच. पुतळा कशाला, तर बचाव पथकाने विचारलंय, पाण्यात माणूस बुडालं तर या यंत्राला दिसेल का. ऐकून अंगावर काटा आला. पण काम ते काम.

आता पुतळा म्हटला तरी बाईमाणूस. सरांनी तिला तशीच उघडी जिन्यात उभी केलेली, आणि वरचा मास्तर तीनदा खालीवर गेला. मला बघवेना. मी भिंगरीचा जुना निळा ड्रेस आणला होता उसवून पिशवी शिवायला. तिच्या होस्टेलच्या वेळचा, मीच शिवलेला. तोच त्या पुतळ्याला चढवला. अगदी मापात बसला. कॉलरच्या आत तिचं पूर्ण नाव रेशमाने काढलेलं आहे, होस्टेलच्या धुण्यात कपडे हरवू नयेत म्हणून तेव्हा काढलं होतं. उसवायचा आळस केला. समुद्रात कोण कॉलर उलटून बघणार आहे?

भिंगरी हसून हसून लोळली. सरही म्हणाले, छान, आता खरी वाटते. केस विंचरून तिला मी दारात उभी केली. मागून पाहिलं तर मलाही क्षणभर वाटलं आमचीच उभी आहे.

सोमवार, १० ऑक्टोबर

शनिवारी पुतळा सोडला, पायाला वजन बांधून, दोरी लावून. बोटवाला आधी तयारच नव्हता. कपडे काढा मग सोडतो, म्हणाला. सरांनी त्याला समजावलं, मग थोडं झापलंही. शेवटी त्याने सोडला, पण भिंगरी सांगत होती, सोडताना त्याने तोंड फिरवलं होतं.

आज चित्र आलं. पुतळा आडवा पडलाय, सावली आखूड, हात पाय डोकं सगळं कळतंय. सरांनी टाळ्या वाजवल्या. मला नाही आवडलं. आपल्या हाताने शिवलेलं कापड तिथे खाली, त्या काळोखात. मी उठून बटाटे चिरायला घेतले.

गॅलरीवालीला सगळं सांगितलं तर पहिल्यांदा ती गप्प बसली. ही बाई गप्प बसू शकते हेच मला माहीत नव्हतं! मग विचारलं, नवा होता ना हो ड्रेस? न वापरलेला? मी म्हटलं, छे, तीन वर्षं घातलाय पोरीने. तर ती आत गेली आणि दार लावून घेतलं. बिस्किटांचा रिकामा डबा माझ्या हातातच राहिला.

बुधवार, १२ ऑक्टोबर

ती उभी आहे.

आज सकाळी पुन्हा चित्र काढलं. मी शेजारीच बसले होते. जिथे परवा आखूड सावली होती तिथे आज लांबच लांब सावली, बारीक कमरेची, घेरदार. सर म्हणाले, वजन पायाला आहे, प्रवाहाने उभी केली असेल. बरं. मग तिच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन लांब सावल्या कसल्या? तिथे परवा काही नव्हतं, मी स्वतः पाहिलंय. आणि ती आपल्या जागेवर नाही. त्या टेबलाजवळ आहे.

सरांनी ते चित्र मशीनला दिलं, म्हणजे वस्तू ओळखणाऱ्या कॉम्प्युटरला. मशीनने टेबल दाखवलं, फ्रीज दाखवला, खुर्च्या दाखवल्या. पुतळा नाही, त्या दोन सावल्याही नाहीत. पुसूनच टाकल्या! मी ओरडलेच. तर सर शांतपणे म्हणाले, मशीनला आम्हीच तसं शिकवलंय आजी. आज एका जागी आणि उद्या दुसऱ्या जागी दिसतं ते मासे नाहीतर गढूळ पाणी, ते गाळायचं. कचरा चालत नाही.

मी म्हटलं, तेच म्हणतेय मी, कचरा चालत नाही.

भिंगरीने मला पाणी दिलं आणि पाठीवरून हात फिरवला, म्हातारीला समजवावं तसा.

गुरुवार, १३ ऑक्टोबर

घाईत लिहितेय, अक्षर लागलं तर लागलं.

दुपारी चहाच्या वेळेला घरात मी एकटी. भिंगरी आणि सर सामान आणायला गेलेले. बेल वाजली. दारात एक जोडपं. दोघं पन्नाशीचे, गुबगुबीत, फिकट, आणि बाहेर लख्ख ऊन असताना दोघांच्या अंगात रेनकोट. एका जातीच्या प्लॅस्टिकचे नव्हेत, तुकडे तुकडे जोडलेले, आणि बटणांच्या जागी बाटल्यांची झाकणं. मला वाटलं, असेल नवी फॅशन. वाकून नमस्कार केला त्यांनी. इतकी रीत हल्ली कोणाला असते? मी आत बोलावलं, चहा टाकला.

दोघं खुर्च्यांवर ताठ बसले. आधी खुर्च्यांवरून हात फिरवला, छान आहेत म्हणाले, आमच्याकडे असल्याच आहेत. मग बाई म्हणाली, आभार मानायला आलोय. मी म्हटलं, कशाबद्दल? तर म्हणाली, इतकी वर्षं तुम्ही लोक सामान पाठवता. टेबल पाठवलंत, पलंग पाठवलात, घर भरलं आमचं. पण माणूस कोणी पाठवलं नव्हतं. आता मुलगी पाठवलीत, तीही नावासकट, अंगावर कपडे घालून. आणि तिने माझ्या भिंगरीचं पूर्ण नाव घेतलं. कॉलरच्या आत मी जसं काढलंय तसं, मधल्या नावासकट.

मी नुसतं म्हटलं, चहा घ्या. मी, मी! जिच्या तोंडाला कुलूप नाही!

मग तो पुरुष बोलला, जरा संकोचून, तक्रार करायचं जिवावर आल्यासारखा. म्हणाला, एवढंच की ती बोलत नाही. बसवली तर बसते, उभी केली तर उभी राहते, पण आत काही नाही. तुमच्याकडून बहुतेक नुसतं वरचंच पोचलं. बाकीची कधी पाठवता?

मी कसंबसं म्हटलं, चूक झाली, तो पुतळा आहे, आमची मुलगी इथेच राहणार. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, प्रेमाने. बाई म्हणाली, तुम्ही त्रास घेऊ नका, आम्हीच शनिवारी घेऊन जाऊ. आणि उठले. चहा तसाच, कपांना तोंडसुद्धा लावलं नव्हतं. खुर्च्यांखाली पाण्याची थारोळी, वर गाळाचा थर. जिन्यातून खाली जाताना त्यांच्या पावलांचा आवाज ओलं फडकं आपटावं तसा.

खिडकीतून पाहिलं. रस्ता ओलांडून धक्क्यावर गेले, आणि पायऱ्या उतरावं तसे पाण्यात उतरले, हातात हात घालून.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

काल संध्याकाळी सगळं सांगितलं. भिंगरी आधी हसली. मग हसायची थांबली आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. खुर्च्यांखालचा गाळ दाखवला तर म्हणाली, आमच्याच दोरीचा असेल. पाय धरायचेच बाकी ठेवले मी. म्हटलं, आत्ताच्या आत्ता निघू, बॅगही नको, अंगावरच्या कपड्यांनिशी. सोमवारपर्यंत थांब, म्हणाली, बुडवलेल्या वस्तू वर काढल्या, शेवटची चित्रं दिली, की मी स्वतः तुला घरी नेते. मी रडले. ओरडले. मला न विचारता मोठी झालीस का, असंही बोलले. तीही चिडली. पहिल्यांदाच म्हणाली, आजी, तुझं आता वय झालंय. आणि मग तीही रडली.

बोटवाल्याला धक्क्यावर गाठलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला, मी कपडे काढा म्हटलं होतं.

गॅलरीवाली दार उघडत नाही. आत आहे, मला श्वास ऐकू येतो.

संध्याकाळी पोरगी जवळ येऊन बसली. म्हणाली, उद्या बोटीवर सर जातील, मी घरीच थांबते तुझ्याजवळ, मग तर झालं? दोघी मिळून तुझ्या त्या पाहुण्यांना चहा देऊ.

आणि मी विचार केला. ते घरी येणार आहेत. शनिवारी, घरी. म्हणजे ती घरात असता कामा नये. लोकांत असावी, उघड्यावर, दोन पुरुष बरोबर. मी म्हटलं, नको गं, तू जा बोटीवर. काम उरकून टाक.

तिने माझा मुका घेतला. म्हणाली, ही माझी शहाणी आजी.

शनिवार, १५ ऑक्टोबर

सकाळी गेली. मी दाराला कडी, वरची कडी, मागे टेबल लावलं. टेबलावर लाटणं घेऊन बसले, मीच कोणी शूर शिपाई. दुपार झाली. चहाची वेळ झाली, टळली. कोणी आलं नाही! मी एकटीच हसले मोठ्याने. फसवलं म्हटलं तुम्हाला, बसा आता खाली. गाणं गुणगुणत कपसुद्धा धुतले.

मग खाली गलका. तिला दोघांनी धरून वर आणली. चिंब.

वस्तू वर काढताना पुतळ्याची दोरी ओढायला वाकली आणि तोल जाऊन पडली. सर म्हणाले, क्षणभरच, आजी, अगदी क्षणभर, लगेच वर आली. दोरीला पुतळा नव्हताच, गाठ सोडवलेली होती. जाऊ दे पुतळा, म्हणाले सर, पोरगी वाचली.

वाचली. देवा, वाचली. मी तिचं अंग पुसलं, कोरडे कपडे घातले, तीन रजया टाकल्या. घाबरलीय. बोलत नाही अजून. उद्या बोलेल.

रविवार, १६ ऑक्टोबर

बसवलं तर बसते.

भरवलं, तोंडातून तसंच खाली आलं. मी म्हटलं, धक्का बसलाय. केस विंचरायला घेतले, लहानपणी विंचरायचे तसे, बडबड करत. केस अजून ओले. कंगवा टाळूला लागला.

वाजला. टक. पोकळ भांड्यावर वाजावा तसा.

मी पुन्हा लावला. टक टक.

मी तिच्या छातीला कान लावला. लावून बसले. खूप वेळ. आत पाण्याचा आवाज येतो, बाकी —

सोमवार, १७ ऑक्टोबर

ही ती नाही. हा पुतळा आहे. मीच कपडे घातलेला, मीच केस विंचरून दारात उभा केलेला. त्यांनी वरचं परत पाठवलं आणि माझी —

सरांना सांगितलं. त्यांना नाही कळत! तिच्याशी बोलतात, उत्तर नाही आलं तरी मान हलवतात. विश्रांती घे म्हणाले तिला. मला गोळी दिली झोपेची. मी थुंकून टाकली.

बोटवाला जिना चढत नाही. खालूनच म्हणाला — ओढताना हलकी लागली. ओल्या कपड्यातलं माणूस दोघांना आवरत नाही, ही एका हाताने वर आली. तेव्हाच कळलं होतं त्याला. बोलला का नाहीस रे मेल्या, म्हटलं मी. तो खाली बसला, हातात तोंड घेऊन.

आजचं चित्र. सर बाहेर गेल्यावर एकटीने पाहिलं, मशीनने गाळायच्या आधीचं. टेबल. खुर्च्या. दोन सावल्या बसलेल्या. आणि एक लहान सावली — बोटीच्या प्रत्येक फेरीला दिसतेय, पण एका जागी नाही. इथे, मग तिथे, मग फ्रीजपाशी, मग पलंगापाशी. सगळीकडे फिरतेय. थांबतच नाही.

भिंगरी गं.

मी पाठवलं तिला. घरी थांबते म्हणत होती, मीच —

मंगळवार, १८ ऑक्टोबर

आले. दुपारीच. दार मी बंदच केलं नव्हतं.

पाय धरले मी. गार, मऊ, बोट रुततं. माझी द्या म्हटलं. ती नेलीत ती द्या, ही घ्या, हवं तर घरातलं सगळं घ्या. त्यांना कळेचना. वाईट वाटलं त्यांना. बाई म्हणाली, दिलेलं कोणी परत मागतं का? फ्रीज दिलात, कधी मागितलात? मी पाय सोडले नाहीत.

कशी आहे विचारलं. दोघांचे चेहरे असे फुलले — खूप बोलते, म्हणाले. एका जागी बसत नाही. सगळं घर हलवून ठेवलं. पण जेवत नाही. तुमच्या हातचं मागते. आजी कुठे, आजी कुठे, सारखं —

मग मला न्या.

मी म्हटलं, मला न्या, आत्ता. मी तयार आहे. कपडे घातलेलेच आहेत.

किती आनंद झाला त्यांना. पण नको म्हणाले, आज नको. खुर्च्या मोजून चार आहेत, त्यांतली एक मोडकी. पाहुणीला उभं कसं ठेवायचं? दोन दिवसांत कोणीतरी टाकेलच एखादी. गुरुवारी येतो.

ते गेले. आतल्या खोलीत ती बसलीय, बसवली तशी. दिवा लावला नाही मी तिच्यासाठी.

दोन दिवस. पोरगी उपाशी आहे.

मी माझी खुर्ची उचलली. जिन्यातून नेताना एक पायरी — गुडघा फुटला, काही नाही. गॅलरीवाली दाराच्या फटीतून बघत होती, हाक नाही मारली. धक्क्यावर कोणी नव्हतं. ढकलली. बुडबुडे आले, मग काही नाही. पोचली असेल. नीट टेबलाकडे तोंड करून ठेवतील ते.

गुरुवारी येतो म्हणाले होते. पण आता खुर्ची आहे म्हटल्यावर कदाचित उद्या, बुधवारीच —